शेरा

देवळालीच्या बराकींना तेव्हा अजून
सोल्जरांच्या बूटपॉलिशचा वास यायचा.
आम्ही पाच जण, एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि तिसरी, जिचा एक पाय विटेवर होता.
ती गुणेसाहेबांची, कारण साहेब बसतच नसत.
दिवसभर नळ मोजत हिंडायचे.
नळामागे दोनशे सव्वीस माणसं, असं त्यांनी मुंबईला कळवलं;
उत्तर आलं, हेच तीन प्रतींत पाठवा.

माझ्याकडे रजिस्टर.
नाव, बापाचं नाव, गाव, माणसं किती, भांडी किती, शेरा.
शेऱ्याचा रकाना दीड बोटाचा.

पहिल्याच दिवशी एक म्हातारा म्हणाला, शिकारपूर.
मी लिहिलं आणि वर पाहिलं,
तर तो अजून गावाचं नावच सांगत होता:
आमच्या बाजाराला छप्पर आहे,
भर वैशाखात डोक्यावर ऊन येत नाही.
रंभाजी शिपाई खेकसला, पुढं सरका.
रात्री त्यानंच म्हाताऱ्याला दुसरी घोंगडी नेऊन दिली,
आणि पगारातून कापून घेतली,
‘सरकारी घोंगडी, एक नग, गहाळ.’

नलू वडनेरे पावडरीचं दूध वाटायची.
सारखी चिडलेली. माणसांवर नाही, गुठळ्यांवर.
मोडत नाहीत मेल्या, म्हणायची,
आणि कोपरापर्यंत हात घालायची पातेल्यात.

एक बाई आली. माणसं किती?
पाच.
समोर चार उभी होती.
मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मोजलं,
एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत,
आणि पाचव्यांदा तो हात हवेत ठेवला,
साधारण सात वर्षांच्या उंचीवर.
मी पाच लिहिले.
आठ महिने पाचांचं रेशन गेलं.
गुणेसाहेब दर महिन्याला ते पान उलटायचे,
सही करायचे, चष्मा पुसायचे.
शेरा कोराच राहिला.

त्यांना शरणार्थी म्हणू नका, असं नंतर ठरलं.
एका आजीबाईनं ठणकावलं होतं, आम्ही शरण कुणाला आलो नाही.
टाइपरायटरवरचा सॅम्युएल खुदकन हसला.
तो शरणपूरचा.
त्याच्या आज्याला पोरवयात
गुलामांच्या गलबतातून सोडवून नाशकात आणलेलं.
मी विचारलं, तुमचं तिकडचं आडनाव काय रे?
तो रिबन बदलत होता, बोटं काळी.
म्हणाला, लिहिणाऱ्याला ऐकू आलं ते.

मला तरी कुठं नीट ऐकू येत होतं?
त्यांचा एक ब असा, की श्वास आत ओढून म्हणायचा,
पाण्याचा घोट घेतल्यासारखा.
मी तो बाहेर टाकायचो.
कुणी दुरुस्त करायला गेलं तर मागची रांग ओरडायची.

मग छावणी उठली.
कुणी कल्याणला, कुणी पुण्याला, कुणी इथंच गावात.
आम्हांला पुरवठा खात्यात घेतलं.
रंभाजीची घोंगडी शेवटपर्यंत वसूल होत राहिली,
कुणीतरी हप्ता थांबवायचा विसरलं.

एकाहत्तर साली रविवार कारंजावर पाटी दिसली:
भुलाणी क्लॉथ स्टोअर्स.
मी सायकलवरून उतरलो.
बुलाणी. तो म्हातारा, छपराखालचा.
हा भ माझा होता.

आत जाऊन नको असलेलं परकराचं कापड घेतलं, अडीच मीटर.
गल्ल्यावरचा पोरगा अस्सल नाशिककर.
म्हणाला, काका, रंग गेला तर कापड माझ्या तोंडावर मारा.
आडनाव कुठलं म्हणायचं तुमचं?
तिकडचंच. लई जुनं आहे.

मी काही बोललो नाही.
त्यानं पावती फाडून दिली.
खाली बारीक अक्षरांत, सगळ्यांच्याच पावतीवर असतं तसं,
चूकभूल द्यावी घ्यावी.

बाहेर येऊन पाटी पुन्हा वाचली.
पेंटरनं भ फार सुबक काढला होता,
माझ्यापेक्षा कितीतरी.